मदत हवी आहे : रक्त कधीही चढवलेले नसताना भावाच्या शरीरात लोह साठले आहे

नमस्कार. हा प्रश्न माझ्या धाकट्या भावाविषयी आहे. तो २७ वर्षांचा आहे आणि त्याचे हिमोग्लोबिन लहानपणापासून कधीही ८.५ च्या वर गेलेले नाही. तो शाळेत असताना गावातील डॉक्टरांनी ‘रक्त कमी आहे’ असे सांगून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मध्ये मध्ये खंड पडत का होईना, पण त्या त्याने जवळजवळ बारा वर्षे घेतल्या. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घेतली की अंगी लागते, असेही सांगण्यात आले होते. आईने त्याची भाजी आवर्जून लोखंडी कढईत केली, दर हिवाळ्यात अळिवाचे लाडू केले, खजूर आणि गूळ-शेंगदाणे त्याच्या हाताशी ठेवले. हिमोग्लोबिन तिळमात्र हलले नाही.

दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी पुण्यात वैद्यकीय तपासणी झाली. तेथील डॉक्टरांनी डोळ्यांतील पिवळसर छटा आणि वाढलेली प्लीहा पाहून एचपीएलसी (रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी) तपासणी करवून घेतली, आणि बीटा थॅलेसेमिया इंटरमीडिया, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा मध्यम तीव्रतेचा आनुवंशिक आजार, असे निदान झाले. या आजारातही तांबड्या पेशी लोहाच्या कमतरतेप्रमाणेच लहान आणि फिकट दिसतात, त्यामुळे इतकी वर्षे गल्लत होत राहिली. फेरिटीन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारे रक्तातील प्रथिन, एकदाही मोजले गेले नव्हते. ते आता मिलिलिटरमागे १,२४० नॅनोग्राम आहे आणि ट्रान्सफेरिनची (रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाची) संपृक्तता ७८ टक्के आहे. लोहाच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या, फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे. रक्तविकारतज्ज्ञांनी यकृतातील लोह मोजण्यासाठी एमआरआय करून त्यानंतर डेफेरासिरॉक्स हे लोह बाहेर काढणारे औषध सुरू करण्याचा सल्ला दिला आहे.

मी जे वाचले त्यावरून मला समजले ते असे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हिमोग्लोबिनमध्ये असतो. नव्या तांबड्या पेशी घडवण्यासाठी रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागते, पण ते जवळजवळ सगळे जुन्या पेशी मोडून परत मिळते. अन्नातून रोज एक ते दोन मिलिग्रॅम आत येते आणि तेवढेच त्वचेच्या व आतड्याच्या गळणाऱ्या पेशींबरोबर जाते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची कोणतीही सोय शरीरात नाही, म्हणून सारे नियमन आत घेतानाच करावे लागते. ते काम यकृतात तयार होणारे हेपसिडिन हे संप्रेरक करते. आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणारे फेरोपोर्टिन नावाचे प्रथिन हेपसिडिनमुळे नष्ट होते आणि पाटाचे दार पाडावे तसे लोहाचे येणे थांबते. लोह वाढले की हेपसिडिन वाढायला हवे.

माझे घोडे येथेच अडते. भावाच्या शरीरात लोह भरलेले असताना हे दार पडत का नाही? चढवलेल्या रक्तातून लोह आले म्हणावे, तर त्याला आयुष्यात रक्ताची एकही पिशवी चढवलेली नाही. रक्त न चढवता डेफेरासिरॉक्स घेणारे येथे कोणी असल्यास मूत्रपिंडावर आणि पोटावर त्याचा काय परिणाम झाला, हे कृपया कळवावे. आणखी एक गोष्ट मनाला फार लागली आहे. आई दिवसरात्र म्हणते, “मीच माझ्या हाताने त्याला हे खाऊ घातले.” तिला खरे काय सांगावे?

प्रतिसाद

ताई, मी पॅथॉलॉजी विभागात काम करतो, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. हेपसिडिनला दोन आदेश मिळत असतात. साठा वाढला की ‘वाढ’ आणि रक्तनिर्मिती जोरात चालू असली की ‘कमी हो’. थॅलेसेमियात अस्थिमज्जा जिवाच्या आकांताने पेशी घडवत असते, परंतु त्यांतील बहुतेक पेशी मज्जेतच मरतात. या अपरिपक्व पेशी एरिथ्रोफेरोन नावाचे संप्रेरक सोडतात (ते २०१४ मध्ये उजेडात आले) आणि ते यकृताला हेपसिडिन कमी करायला लावते. दोन आदेशांत रक्तनिर्मितीचा आदेश वरचढ ठरतो, आणि शरीर भरल्या कोठारात आणखी धान्य ओतत राहते. मज्जेला उणीव असते ती हिमोग्लोबिन घडवणाऱ्या निरोगी ग्लोबिन या प्रथिनसाखळीची. लोह तर तेथे मुबलक असते.

फेरिटीनच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. इंटरमीडियामध्ये लोह मुख्यतः यकृताच्या पेशींत साठते आणि जुन्या तांबड्या पेशी मोडणाऱ्या पेशींत कमी राहते, त्यामुळे फेरिटीन प्रत्यक्ष साठ्यापेक्षा कमी दिसते. रक्त न लागणाऱ्या रुग्णांत फेरिटीन ८०० च्या पुढे किंवा यकृतातील लोह कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे ५ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की औषधाचा विचार करतात. तुमच्या तज्ज्ञांचा सल्ला मला योग्य वाटतो. एमआरआय टाळू नका.

प्रतिसाद

मी स्वतः इंटरमीडियाचा रुग्ण आहे, वय ४१, डेफेरासिरॉक्स सहा वर्षे घेत आहे. सुरुवातीचे काही आठवडे पोट बिघडत असे आणि अंगावर पुरळ आले होते. डॉक्टरांनी मात्रा उतरवून पुन्हा हळूहळू वाढवली. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि यकृताच्या तपासण्या ठरलेल्या दिवशी करतो, डोळे आणि कान वर्षातून एकदा तपासून घेतो. क्रिएटिनिन एकदा वाढले होते तेव्हा औषध थांबवावे लागले, म्हणून या तपासण्या चुकवू नयेत. जेवणाबरोबर कोरा चहा घेतो, कारण त्याने लोह कमी शोषले जाते. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेत नाही. आईंना सांगा की लोह मुळात हेपसिडिन कमी पडल्यामुळे साठत गेले. गोळ्यांनी भर घातली असेल, परंतु अळिवाच्या लाडवांनी हा आजार दिला नाही. तो तुमच्या दोन्ही पालकांकडून आलेल्या जनुकांमुळे झाला आहे. म्हणूनच विचारतो, तुमची स्वतःची तपासणी झाली आहे का?

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. एमआरआय झाला. यकृतातील लोह ग्रॅममागे ९ मिलिग्रॅम निघाले, हृदयात साठा नाही. औषध सोमवारपासून सुरू झाले. आईला जनुकांचे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग तिने स्वतःहून विचारले की आता कढई कोणती वापरू.

शेवटच्या प्रश्नाने मी हादरले, कारण तो विचार मनात आलाच नव्हता. मी तपासणी करून घेतली. वाहकांत वाढलेला आढळणारा हिमोग्लोबिन ए-टू हा प्रकार ५.२ टक्के आहे, म्हणजे मी वाहक आहे, दोनपैकी एक जनुक सदोष असलेली. मला तिसरा महिना चालू आहे. नवराही वाहक असला, तर बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक आहे. त्याचे रक्त काल दिले आहे, अहवाल शुक्रवारी येईल. पुढे कोणत्या तपासण्या आणि किती आठवड्यांपर्यंत करता येतात, हे ज्यांना अनुभवाने माहीत आहे त्यांनी कृपया लवकर लिहावे.