‘मृत्युंजय’ विशीनंतर वाचू नये, असे म्हणणाऱ्यांसाठी

पैलतीर:

या आठवड्यात एका वाचकमित्रांनी ‘वय वाढले की गळून पडणारी पुस्तके’ अशी यादी येथे मांडली आणि तिच्या अग्रभागी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ठेवली. विशी उलटल्यावरही ज्याला कर्णासाठी हुंदका येतो त्याचे वाचन खुंटले आहे, असा शेराही त्यांनी मारला. त्याला दोन ओळींचे उत्तर पुरेसे नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

माझी आवडनिवड आधीच सांगते. ‘रणांगण’ मला मराठीतली सर्वांत रेखीव कादंबरी वाटते, ‘बनगरवाडी’ मी कोणत्याही पानापासून वाचू शकते, ‘कोसला’तील धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग आला की पुस्तक काही काळ मिटून ठेवावे लागते, आणि ‘ययाति’ तिच्या ज्ञानपीठाचा मान राखूनही मला आता पेलवत नाही, कारण तिच्यातील माणसे बोलता बोलता सुभाषितांकडे वळतात. म्हणजे मला सगळेच आवडते असे कोणी समजू नये. तरीही ‘मृत्युंजय’ माझ्या कपाटात या पुस्तकांच्या शेजारीच आहे आणि तेथेच राहील.

१९६७ साली ही कादंबरी आली तेव्हा सावंत कोल्हापुरात शिक्षक होते आणि वयाने तिशीच्याही आत होते. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची पत्नी वृषाली, त्याचा भाऊ शोण आणि शेवटी श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून नऊ भागांत ही कथा उलगडते, आणि त्यांतील चारच भाग कर्णाचे आहेत. ज्यांना ही केवळ एका शापित नायकाची रडकथा वाटते त्यांनी कुंतीचा भाग चाळिशीत पुन्हा वाचावा. कुमारवयात मला तो कंटाळवाणा वाटला होता, कारण त्यात युद्ध नव्हते. आई झाल्यावर वाचला तेव्हा नदीत पेटी सोडणाऱ्या त्या मुलीच्या शेजारी मी बसले आहे असे वाटले. वयाबरोबर ज्याचा अर्थ पालटतो ते पुस्तक गळून पडणारे कसे?

तळटीप:

तो शेरा माझा नव्हे, पण मी त्याच्या बाजूचा आहे. अनेक निवेदकांची रचना आपण नावीन्य म्हणून पुढे करत असाल तर ती आपल्याला न पेलवणाऱ्या ‘ययाति’तही आहे. खांडेकरांनी १९५९ मध्येच ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आळीपाळीने बोलते केले होते.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या कादंबरीने मराठी घरांतून महाभारतच हुसकावून लावले. कर्णाविषयी कोणाशीही बोला, समोरचा माणूस कादंबरीतला कर्ण सांगतो आणि तो व्यासांचा समजतो. द्रोणांनी त्याला शिकवलेच नाही, हे आपल्याकडे गृहीत धरले जाते. वास्तविक आदिपर्वात तो द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत आहे, आणि शांतिपर्वाप्रमाणे द्रोणांनी त्याला नाकारले ते ब्रह्मास्त्र. घोषयात्रेत, म्हणजे कौरव गुरे मोजण्याच्या निमित्ताने वनात गेले तेव्हा, गंधर्वांनी रथ मोडल्यावर तो विकर्णाच्या रथावर चढून रणातून निघून जातो, हे किती जणांना ठाऊक असते? सर्वांत मोठी गोष्ट स्वयंवराची. ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचे वाक्य, ज्यावर मराठी वाचकाच्या तीन पिढ्यांनी तिच्यावर राग धरला, ते भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाहीच. ते तळटिपेत आहे, कारण महत्त्वाच्या हस्तलिखितांत ते सापडत नाही. १९१९ मध्ये पुण्यात सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे ‘मृत्युंजय’च्या एक वर्ष आधी. इतक्या विद्वानांनी हजाराहून अधिक हस्तलिखिते ताडून जे बाजूला ठेवले, ते पुढच्याच वर्षी एका लोकप्रिय पुस्तकाने घराघरांत पक्के केले.

रात्रपाळी:

तळटीप, आपल्या अभ्यासाविषयी आदर ठेवून विचारतो, आपल्याला आपली जात कोणी विचारली आहे का? मला विचारली आहे. आमच्या वडिलांना तर कामाच्या पहिल्याच दिवशी विचारली होती. ते कारखान्यात रखवालदार होते आणि ही जाडजूड कादंबरी त्यांनी रात्रपाळीत, फाटकाजवळच्या दिव्याखाली वाचली. वाचनालयाचा पुठ्ठा निघालेला होता, म्हणून आईने त्यावर जुन्या कॅलेंडरचे पान चिकटवून दिले होते. जेथे कर्णाला कुळ विचारले जाते त्या पानावर वडिलांनी पेन्सिलीने समासात उभी रेघ ओढली होती. पुस्तकात रेघ ओढली म्हणून ग्रंथपालाने दंड लावला आणि वडिलांनी तो मुकाट्याने भरला.

त्या माणसाने आयुष्यात त्यापूर्वी एकही कादंबरी वाचली नव्हती. त्यानंतर त्यांनी ‘फकिरा’ वाचली, ‘स्वामी’ वाचली, आणि मला शाळेत असताना ‘श्यामची आई’ आणून दिली. चिकित्सक आवृत्ती त्यांच्यापर्यंत कोण घेऊन येणार होते? आपण आणणार होतात का? ज्या पुस्तकाने वाचक घडवला त्याला ‘हुसकावून लावणारे’ म्हणणे हा केवळ अन्याय नाही, उद्दामपणा आहे.

तळटीप:

उद्दामपणा हा शब्द मागे घ्यावा अशी माझी अपेक्षा आहे. आपल्या वडिलांच्या वाचनाविषयी मी एक अक्षरही काढलेले नाही. एखाद्या पुस्तकामुळे कोणी वाचू लागले हे त्या पुस्तकाचे उपकार आहेत, गुण नव्हेत. ते दोन वेगळ्या वह्यांत लिहावे लागतात.

कृष्णाकाठ:

येथे मला आमच्या समीक्षकांविषयी बोलायचे आहे, कारण या सर्व वादाचे मूळ तेथे आहे. मराठी समीक्षेने खपणाऱ्या पुस्तकाकडे गांभीर्याने पाहिलेच नाही. मी मराठी घेऊन एम. ए. केले. एका प्राध्यापकांनी आवडती कादंबरी विचारल्यावर मी ‘मृत्युंजय’ म्हणालो, तेव्हा त्यांनी पुढच्या विद्यार्थ्याकडे मान वळवली. त्यानंतर मी वर्षभर वर्गात तोंड उघडले नाही. एखादी कादंबरी अर्धशतकाहून अधिक काळ वाचली जाते, इतर भारतीय भाषांत जाते, १९९४ चा मूर्तिदेवी पुरस्कार मिळवते, आणि तिच्या वाक्यरचनेचा धड अभ्यास झालेला मला तरी भेटलेला नाही. तिची अलंकारिक भाषा खटकते म्हणता ना? मग ती कोठून आली ते सांगा. ती कीर्तनातून आली, पोवाड्यातून आली, गावच्या पारावर पोथी लावणाऱ्या माणसाच्या आवाजातून आली. सावंत कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचे. त्या मुलखात गोष्ट मोठ्याने सांगतात. ‘मृत्युंजय’ मनातल्या मनात वाचली तर जड वाटते आणि मोठ्याने वाचली तर चालू लागते. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी शैलीवर निकाल देऊ नये.

पैलतीर:

कृष्णाकाठ, आपली तक्रार समजते, परंतु मी समीक्षकांची वकिली मागत नाही आणि त्यांच्यावर खटलाही भरत नाही. सूर्य, तेज, कवच यांची वर्णने मोठ्याने वाचली तरी काही ठिकाणी लांबतात. ते मलाही दिसते.

तळटीप यांना उत्तर देते. आपण स्वयंवराचा दाखला दिलात, पण निम्माच. त्याच संहितेत, अर्जुन धनुष्याकडे निघतो तेव्हा ब्राह्मण आपसांत म्हणतात की कर्ण आणि शल्य यांच्यासारख्या बलवानांनाही जे वाकले नाही ते हा बटू काय वाकवणार. म्हणजे आपल्या मुख्य संहितेनुसार कर्ण तेथे अपयशी ठरतो, आणि तळटिपेतल्या कथेनुसार त्याला प्रयत्नच करू दिला जात नाही. ही दुसरी कथा सावंतांच्या डोक्यातून निघालेली नाही. ती हस्तलिखितांत आहे, महाभारताचा टीकाकार नीलकंठ याच्या परंपरेत आहे, पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. कादंबरीकाराने परंपरेतील एक धागा उचलला तर त्याने महाभारत हुसकावले असे कसे म्हणता येईल? त्याने पाठचिकित्सा, म्हणजे मूळ पाठ कोणता याचा शोध, लिहायला घेतली नव्हती.

तळटीप:

एवढे मान्य करतो की ती कथा त्यांनी रचलेली नाही. यापुढे एक पाऊलही येणार नाही. प्रश्न असा आहे की कोणता धागा उचलला आणि कोणासाठी. प्रत्येक वेळी कर्णाला सोयीचा तोच पाठ निवडायचा आणि वाचकाला पर्याय होता हे कळूही द्यायचे नाही, ही निवड निष्पाप नाही. शिवाय ज्या व्यासांना आपण सर्वांनी रुक्ष ठरवले आहे त्यांचा कर्ण अधिक मोठा आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा तो म्हणतो की मला वाढवणाऱ्या राधेने माझे मलमूत्र काढले, तिचे पिंडदान मी कसे लोपू देऊ. युधिष्ठिराला हे सांगू नका, त्याला कळले तर तो राज्य घेणार नाही, असेही तोच सांगतो. आणि दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना जे कटू बोललो त्याचा आज ताप होतो, असेही म्हणतो. या वाक्यांत एकही उपमा नाही. मला विशीनंतर पुरली ती ही पाने, आणि ती वाचायला मी फार उशिरा पोहोचलो, कारण मला वाटत होते की मला कर्ण ठाऊक आहे.

रात्रपाळी:

‘राधेने माझे मलमूत्र काढले’ हे मला ठाऊक नव्हते. आमच्या वडिलांना ते वाक्य ऐकवता आले असते तर बरे झाले असते. पण आपला मुद्दा यातून सिद्ध होत नाही, हेही सांगून ठेवतो. आपणही तेथे पोहोचलात ते कादंबरीमुळेच.

वैदर्भी:

इतका वेळ मी वाचत होते. स्वयंवरात द्रौपदी काय म्हणाली आणि कोणत्या पानावर म्हणाली यावर तुम्ही सर्वांनी इतके लिहिलेत. सभेत तिचे काय झाले यावर कोणी लिहिले नाही. सभापर्वात विकर्ण, म्हणजे कौरवांतलाच एक धाकटा भाऊ, उठून सांगतो की हे अन्यायाचे आहे. त्याला गप्प बसवणारा कर्ण आहे. द्रौपदीला ‘बंधकी’, म्हणजे वेश्या, म्हणणारा कर्ण आहे. पांडवांची आणि तिची वस्त्रे काढून घे, असे दुःशासनाला सांगणारा कर्ण आहे. हे चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य मजकुरात आहे, तळटिपेत नाही.

मी महाविद्यालयात असताना आमच्या गटातले सगळे मुलगे ‘मृत्युंजय’चे भक्त होते. सभेचा विषय निघाला की एकच उत्तर येई: तिने आधी त्याचा अपमान केला होता. म्हणजे एका स्त्रीने नकार दिला तर तिला भर सभेत ओढणे समजून घेण्यासारखे ठरते. पुढे नोकरीत एका सहकाऱ्याला मी नकार दिला आणि त्याने माझ्याविषयी जे पसरवले, तेव्हाही लोकांनी मला हेच विचारले की तू त्याला काय बोलली होतीस. त्या दिवसापासून मला ही कादंबरी हातात धरवत नाही. इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ही १९६७ चाच आहे आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांनी कर्णाला दया दाखवली, पण सवलत दिली नाही. त्याच वर्षी दोन्ही पुस्तके दुकानात होती. लोकांनी कोणते उचलले ते पाहा.

कृष्णाकाठ:

कादंबरीतल्या नायकाचा गुन्हा कादंबरीवर कसा टाकता? आणि आपल्या सहकाऱ्याच्या वागण्याला सावंत जबाबदार आहेत, असे आपल्याला खरोखर म्हणायचे आहे का?

वैदर्भी:

नाही, आणि माझे वाक्य पुन्हा वाचावे. मी म्हटले की वाचकांनी त्या पुस्तकातून सबब उचलली. ती सबब तेथे तयार होती म्हणून उचलता आली.

पैलतीर:

वैदर्भी यांच्याशी मी वाद घालणार नाही. त्यांनी जे सांगितले ते या धाग्यातील सर्वांत वजनदार आहे, आणि मूळ यादीतील शेऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. तो शेरा वाचकाच्या वयाविषयी होता. हा आक्षेप पुस्तकाविषयी आहे, आणि त्याला उत्तर पुस्तकातूनच द्यावे लागेल. मी त्यासाठी रचनेकडे पुन्हा पाहिले. कुंती बोलते, वृषाली बोलते, आणि वृषाली हे नाव महाभारतात नाही, म्हणजे लेखकाने एका अनामिक पत्नीला नाव आणि आवाज दिला. शोण बोलतो, दुर्योधन बोलतो. नऊ भागांत द्रौपदीला एकही नाही. ज्या पुस्तकाची सारी ताकद ‘प्रत्येकाची बाजू ऐका’ या रचनेत आहे, त्याने जिची बाजू ऐकणे सर्वांत अवघड होते तिलाच बोलावले नाही. हा दोष मी मोठा मानते. वर्णनांचा पसारा आणि पाठांची निवड यांपेक्षा कितीतरी मोठा.

तरीही विशीनंतर हे पुस्तक वाचू नये हे मला मान्य नाही. द्रौपदीची ही रिकामी जागा मला पंधराव्या वर्षी दिसलीच नव्हती. ती दिसण्यासाठी आणखी आयुष्य जावे लागले आणि पुस्तक पुन्हा हातात घ्यावे लागले.

तळटीप:

हा निष्कर्ष मला पटत नाही, परंतु रिकाम्या जागेचा मुद्दा मी नोंदवून घेतो. माझ्या आवडत्या पुस्तकांच्या यादीत ‘मृत्युंजय’ अजूनही नाही. रात्रपाळी, उद्योगपर्वातील कृष्ण-कर्ण संवादाचा मराठी अनुवाद हवा असेल तर कळवावे, मी ती पाने पाठवीन. उद्दामपणा हा शब्द मात्र अद्याप मागे घेतलेला नाही, याची आठवण देतो.

रात्रपाळी:

पाने पाठवावीत. शब्दाचे ती वाचून झाल्यावर पाहू.