अराज्यवाद्यांची एकजूट राज्यसंस्थेविना टिकेल काय?

नेरूळकर: अराज्यवाद, म्हणजे राज्यसंस्थेविना समाज चालावा हा विचार, म्हटला की आपल्याकडे बेबंदशाही असाच अर्थ घेतला जातो. वास्तविक रशियन अराज्यवादी विचारवंत पीटर क्रोपोट्किन यांनी १९०२ साली ग्रंथरूपाने मांडलेला परस्परसाहाय्याचा विचार नेमका उलट आहे. जीवनकलहावर भर देणाऱ्या जीवशास्त्रज्ञ हक्सले यांच्या १८८८ च्या निबंधाला उत्तर देताना, सैबेरियात स्वतः पाहिलेल्या प्राणिजीवनाच्या आधारे त्यांनी असे प्रतिपादन केले की, सहकार्य हाही उत्क्रांतीचा एक प्रमुख घटक आहे. एकजूट म्हणजे प्रेम नव्हे, हेही ते बजावतात. शेजारचे घर पेटल्यावर आपण बादली घेऊन धावतो, तेव्हा त्या शेजाऱ्याची ओळखही असतेच असे नाही. शेतीच्या कामात एकमेकांना हात देण्याच्या आपल्या सावड आणि इर्जिक या प्रथा याच जातकुळीच्या. राज्यसंस्था ही वृत्ती निर्माण करत नाही, उलट तिची सवय मोडते, असे माझे मत आहे.

कळवेकर: ‘जातकुळी’ हा शब्द आपण नकळत अगदी अचूक वापरलात. इर्जिकीच्या पंगतीत गावकुसाबाहेरच्या माणसाला बरोबरीने पान मिळत असे काय? जातपंचायत हीसुद्धा राज्यसंस्थेविना चालणारी, अत्यंत घट्ट अशी एकजूटच आहे, आणि तिने वाळीत टाकलेल्यांना संरक्षण मिळावे म्हणून महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

वाशीचा जुना हिशेबनीस: घाऊक बाजारात माथाडींच्या, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांच्या, टोळ्या मी जवळून पाहिल्या आहेत. टोळीतला एखादा आजारी पडला, तर बाकीचे त्याच्या वाटणीचे ओझे न कुरकुरता उचलत. मात्र मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळू लागली आणि भविष्यनिर्वाह निधी आला, तो १९६९ च्या माथाडी कायद्यामुळेच.

नेरूळकर: तो कायदा अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हमालांनी झगडून मिळवला, सरकारने फार तर त्या लढ्याची पोचपावती दिली. जातीचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि सावडीचे उदाहरण मी अधिक जपून द्यायला हवे होते. तरीही रशियन अराज्यवादी बाकुनिन यांची कसोटी येथे लावून पाहा: भोवतालची सर्व माणसे स्वतंत्र असल्याखेरीज मी स्वतः खऱ्या अर्थाने स्वतंत्र नसतो. या कसोटीवर जातपंचायत एकजूट ठरतच नाही. ती धाकाने बांधलेली मोळी आहे.

कळवेकर: कसोटी उत्तम आहे, पण ती लावणार कोण? पहिल्या महायुद्धात खुद्द क्रोपोट्किन दोस्तराष्ट्रांच्या बाजूने उभे राहिले आणि इटालियन अराज्यवादी मालातेस्ता यांना आपल्या या जुन्या सहकाऱ्याला जाहीर विरोध करावा लागला. जेथे द्रष्ट्यांची एकजूट राष्ट्राच्या सीमेवर अडखळली, तेथे वाळीत टाकलेल्या कुटुंबाने पोलीस ठाण्याची पायरी सोडून आज रात्री नेमके कुठे जावे?

नेरूळकर: त्यांना सामावून घेईल अशा वस्तीत. तशी वस्ती आज मला बोट ठेवून दाखवता येत नाही, हे मान्य.