मुलाच्या दप्तरात ई-सिगारेट सापडली. ती केवळ सुगंधी वाफ आहे, असे तो म्हणतो

प्रश्न: एक आई, फोंडा

माझा मुलगा सोळा वर्षांचा असून अकरावीत शिकतो. गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात त्याच्या खोलीत पिकलेल्या आंब्याचा वास येऊ लागला. मानकुरादचा हंगाम सरून दोन महिने उलटले होते, म्हणून शोध घेतला, तेव्हा दप्तराच्या आतल्या कप्प्यात हायलायटरसारखी दिसणारी एक वस्तू मिळाली. वर्गात अनेकांकडे ती आहे, तिच्यात तंबाखू नसतो, नुसती वाफ असते, असे तो शांतपणे सांगतो. वेष्टनावर मात्र ‘5 टक्के’ आणि ‘10 मिली’ असे छापलेले आहे. यंदा आरतीला घुमट वाजवताना तो दोनदा खोकल्यामुळे थांबला, हे माझ्या मनातून जात नाही.

ही वाफ खरोखर किती अपायकारक आहे? आणि मी विद्यालयात कळवले, तर त्याच्यावर पोलीस कारवाई होईल का? त्याच्या वडिलांना मी अजून काहीही सांगितलेले नाही.

उत्तर: एक डॉक्टर, पणजी

ताई, ‘वाफ’ हा शब्दच मुलांना फसवतो. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात निकोटीन व स्वादद्रव्ये घालून ते तापलेल्या तारेवर उडवले जाते आणि त्याचे सूक्ष्म तुषार थेट फुप्फुसांत उतरतात. तापवताना फॉर्माल्डिहाइड आणि अक्रोलिन यांसारखी दाहक रसायने तयार होतात, तर धातूच्या तारेतून निकेल, क्रोमियम आणि शिसे यांचे अंश सुटू शकतात. आंब्याचा स्वाद मिठाईत घातला तर पोटाला चालतो. फुप्फुसांसाठी तो कोणी तपासलेला नसतो.

आता वेष्टनावरच्या आकड्यांकडे पाहा. 5 टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे 50 मिलिग्रॅम निकोटीन, म्हणजेच 10 मिलीमध्ये सुमारे 500 मिलिग्रॅम. त्यातले सगळे शरीरात जात नाही, हे खरे. पण एका साध्या सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या शरीरात साधारण 1 ते 2 मिलिग्रॅमच पोहोचते, हे लक्षात घेतले म्हणजे या एका नळीत किती साठा आहे, याची कल्पना येते. शुद्ध निकोटीन घशाला झोंबते आणि नवशिक्या मुलाला ठसका लागून तो थांबतो. या उपकरणांत बेंझोइक आम्ल मिसळून निकोटीनचा क्षार केलेला असतो, त्यामुळे तो ठसकाच लागत नाही आणि प्रौढालाही जड जाईल एवढी मात्रा मूल सहज ओढते. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या काळात निकोटीन मिळत राहिले की व्यसन लवकर जडते आणि एकाग्रतेवर व मनःस्थितीवर परिणाम होतो.

अमेरिकेत 2019 मध्ये ई-सिगारेटमुळे फुप्फुसांना गंभीर इजा झाल्याची लाट आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्णांची नोंद आणि 68 मृत्यू झाले. त्यांतील बहुतेकांनी टीएचसी हे गांजातील नशा आणणारे द्रव्य असलेले द्रव वापरले होते आणि त्यात मिसळलेले व्हिटॅमिन ई अॅसिटेट हे प्रमुख कारण ठरले. म्हणून तो आकडा दाखवून मुलाला घाबरवू नका. मात्र चोरून विकल्या जाणाऱ्या मालात काय भरले आहे, हे विकत घेणाऱ्याला कळत नाही, एवढे त्याला जरूर सांगा. खोकल्यासाठी त्याची छाती एकदा तपासून घ्या.

उत्तर: एक वकील, म्हापसा

2019 च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी घातली आहे. उत्पादन, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. स्वतः ओढणाऱ्याला या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही, त्यामुळे त्या बाबतीत आपण निश्चिंत राहावे. परंतु आपला मुलगा मित्रांना ही वस्तू पैसे घेऊन देत असेल, तर ती विक्री ठरते. हे त्याला आजच समजावून सांगा.

2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण गोव्यात 9.7 टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी होते. त्यामुळेच आपल्याकडच्या कित्येक घरांत हे व्यसन ओळखण्याची सवय नाही, आणि फळांचा वास आला तर कोणाला संशयही येत नाही, असे मला वाटते.

उत्तर: एक शिक्षिका, डिचोली

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, तरी विद्यालयात लगेच नाव कळवू नये, असे माझे मत आहे. काही वर्षांपूर्वी मी एका विद्यार्थ्याची अशीच तक्रार केली. त्याला निलंबित करण्यात आले, आणि त्यानंतर तो माझ्याशीच काय, घरच्यांशीही बोलेनासा झाला. त्याचे व्यसन मात्र सुटले नाही. त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप होतो. मुलाचे नाव न घेता, वर्गात ही वस्तू फिरत आहे, एवढेच मुख्याध्यापकांना सांगता येईल.

सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, झोपमोड, अभ्यासात लक्ष न लागणे हे सारे दिसेल आणि आपण ते उद्धटपणा समजून बसू. साधारण दोन ते चार आठवड्यांत ते ओसरते. 1800-112-356 ही तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे, आणि बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेतही व्यसनमुक्तीचे उपचार मिळतात. वडिलांना सांगा, पण मुलाला आधी कल्पना देऊन सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. काल रात्री तिघे एकत्र बसलो. 500 मिलिग्रॅमचा हिशेब त्याने स्वतः कागदावर करून पाहिला आणि बराच वेळ गप्प राहिला. मग उठून फुटबॉलच्या बुटात लपवलेली दुसरी नळीही त्याने आणून दिली. कोणालाही विकलेली नाही, असे तो म्हणाला, आणि मी त्यावर विश्वास ठेवला आहे. गुरुवारी डॉक्टरांकडे जात आहोत. या दोन वस्तूंचे आता काय करू?

डॉक्टर, पणजी

घरच्या कचऱ्यात टाकू नका आणि जाळू तर मुळीच नका. आत लिथियमची बॅटरी असते, आणि उरलेला द्रव लहान मुलाने थोडासा गिळला तरी विषबाधा होऊ शकते. न उघडता, उंच कपाटात कुलूपबंद ठेवा आणि ई-कचरा संकलनाच्या दिवशी स्वतः नेऊन द्या.