फोनची रिंग वाजली की नेट जातं, एकाच लाईनवर दोन्ही चालवायचं कसं?

विश्रामबागकर:
मंडळी, सांगलीत आमच्याकडे अजून तांब्याच्या तारेवरचा लँडलाईन आहे आणि ब्रॉडबँड पण त्याच लाईनवर. वडील फोन काढू देत नाहीत, सगळ्या पाहुण्यांकडे तोच नंबर. रिंग आली की मॉडेमचा डीएसएल लाईट लुकलुकतो आणि नेट गुल, पोरीचा क्लास तिथंच थांबतो. स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी डबी) लावलाय, वरच्या मजल्यावर पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाईनवरचा दुसरा फोन आहे. काय बघू?

मिरजेचा_वायरमन:
दादा, आधी तो पॅरलल कुठनं काढलाय ते बघा. लाईनवर बोलणं जातं 300 ते 3400 हर्ट्झमध्ये, एडीएसएलचा, म्हणजे तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचा डेटा 25 किलोहर्ट्झच्या वर सुरू होतो आणि 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत जातो, त्याचाच पुढचा प्रकार एडीएसएल2+ असेल तर 2.2 पर्यंत. दोघांच्या पट्ट्या वेगळ्या, म्हणून तर तारांच्या एकाच जोडीवर दोन्ही चालतं. स्प्लिटर फोनकडं फक्त खालची पट्टी सोडतो. पण वरच्या फोनची वायर स्प्लिटरच्या आधीच जोडली असेल तर त्याला फिल्टरच नाही, मग रिंग आली किंवा रिसीव्हर उचलला की डेटा बिघडणारच. आणि वायरी सोडताना जपून, एरवी लाईनवर 48 व्होल्ट डीसी असतं पण रिंगला 75च्या आसपास एसी येतं, चांगला झटका बसतो.

साताराकर_७:
वरच्यांचं बरोबर. डायलअपला ही सोय नव्हती, मॉडेम बोलण्याच्याच पट्टीत चालायचा म्हणून नेट चालू असलं की फोन एंगेज. त्यावर 1996 ला व्ही.70 नावाचं स्टँडर्ड आलं होतं, आवाजाचं डिजिटल करून डेटासोबतच पाठवायचं, पण दोन्ही टोकांना तसलाच मॉडेम पाहिजे, मग घराघरात कोण घेणार.
तुम्ही असं करा, घरातले सगळे फोन काढा, मॉडेम एकटा थेट रोझेटला (बाहेरची लाईन येते त्या भिंतीवरच्या डबीला) लावा आणि बघा. तरीपण नेट पडत असेल तर दोष बहुधा बाहेरचा. फोनमध्ये खरखर येते का, खास करून पावसात? येत असेल तर कुठंतरी जॉइंट गंजलाय, लाईनमनला डीपीपासून (घरोघरी लाईन जिथनं वाटली जाते त्या बाहेरच्या डब्यापासून) तपासायला सांगा, नुसता मॉडेम बदलून उपयोग नाही.

विश्रामबागकर:
खरखर अजिबात नाही. आत्ता रोझेट उघडून बघितला, वरची वायर तिथनंच निघालीय, स्प्लिटर त्याच्या पुढं. ती आता स्प्लिटरच्या फोनच्या बाजूला घेऊ ना?

मिरजेचा_वायरमन:
हो, तिकडंच. वायर पुरत नसेल तर वरच्या फोनला वेगळा मायक्रोफिल्टर (एकाच फोनपुरता छोटा फिल्टर) लावा, काम तेच होतं. फॅक्स किंवा कॉलर आयडीचा डबा असेल तर तोही फिल्टरच्या पुढं, फोनच्या बाजूलाच घ्या.