अनुभव धागा: सिस्टर, हात धुतले का?

मे महिना आला की आमच्याकडे लागोपाठ दोन सण असतात, ५ तारखेला हात स्वच्छतेचा दिवस आणि १२ ला परिचारिका दिन. पहिल्याला आम्हाला शिकवतात, दुसऱ्याला गुलाब देतात. यंदा ५ तारखेला लॉबीत सगळ्यांना उभं करून गाण्यावर हात धुवायच्या स्टेप्स करायला लावल्या, नाइट उतरलेल्या मुलींनाही थांबवून ठेवलं, त्यातल्या एकीचं लेकरू नाशिकरोडला शेजाऱ्यांकडे ठेवलेलं, ती अंगठा चोळायच्या स्टेपपर्यंत रडकुंडीला आलेली मी बघितली. व्हिडिओत मात्र ती हसतेय असंच वाटतं.

मी १४ वर्षं नाशिकमधल्या खाजगी हॉस्पिटलांत काम करतेय. हात धुण्याच्या विरोधात कोण असणार, पण ज्यांच्या हातांवरून हे सगळं चालतं त्यांना काय वाटतं हे कुणी विचारत नाही म्हणून हा धागा. सिस्टर, ब्रदर, एएनएम (सहाय्यक नर्स), वॉर्डातली साफसफाई करणाऱ्या मावशी, मामा सगळ्यांनी लिहा. हॉस्पिटलचं नाव नको प्लीज, सगळ्यांना नोकऱ्या आहेत.

रातपाळी सिडको

मी हिशोबच मांडते. आमच्या मेल वॉर्डला ४० बेड, रात्री दोघी, म्हणजे माझ्या वाटणीला २०. पेशंटला हात लावायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा असं पोस्टरवर लिहिलंय, म्हणजे इंजेक्शनच्या एका राउंडला ४० वेळा. रबने, म्हणजे बाटलीतल्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरने, नीट चोळायचं तर २० ते ३० सेकंद, ३० धरा, झाली २० मिनिटं नुसती चोळण्यात. साबणपाण्याने ४० ते ६० सेकंद, त्यात बेसिन वॉर्डच्या पार टोकाला, जाऊन येऊन परत तेवढंच. मधे कुणाची सलाईन संपलेली, कुणाचा नातेवाईक डबा कुठे ठेवू विचारतोय. ट्रेनिंगला हे बोलले तर मॅडम म्हणाल्या वेळेचं कारण सांगू नका, इच्छा पाहिजे. इच्छा आहे ओ मॅडम, तिसरी सिस्टर नाहीये.

क्लिपबोर्डवाली

मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स, कोण हात धुतं ते बघून फॉर्म भरणारी, म्हणजे तुम्ही सगळ्या जिला शिव्या घालता ती. सिडकोवाल्या ताई, एक सांगते, राग नको. एका पेशंटचं 'नंतर' हेच पुढच्या पेशंटचं 'आधी' धरता येतं, मधे दुसऱ्या कशालाही हात लागला नसेल तर. म्हणजे २० पेशंटला ४० नाही, २१. बाटली ट्रॉलीवर ठेवा, चालता चालता चोळा.

रातपाळी सिडको

हे आजवर एकाही ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलेलं नाही!! पण मधे दुसऱ्या कशाला हात लागत नाही असं कधी होतं का हो. बेडचा कठडा, फाईल, ट्रॉलीचा ड्रॉवर, चादर सरकवा, मग कॅन्युलाला, म्हणजे शिरेत लावलेल्या सलाईनच्या नळीला, हात. कॅन्युलाच्या आधी परत चोळायचं ना?

क्लिपबोर्डवाली

हो, परत. म्हणजे २१ ची परत ३५ होणार, मान्य.

आता माझंही ऐका. मी वॉर्डात शिरले की मिनिटभरात सगळ्यांचे हात ओले. यांच्या ग्रुपवर 'पाहुण्या आल्या' असा मेसेज पडतो हे मला माहितीये, कारण एकदा चुकून तो मलाच आला. त्यामुळे माझ्या फॉर्मवरचे आकडे छान येतात, वर पाठवले की सगळे खूष. मग एक दिवस मी स्टेशनच्या मागे बसून दुसरीच फाईल लिहितेय असं दाखवत तासभर नुसती बघत राहिले. जे दिसलं ते वर पाठवलं नाही, कारण पाठवलं असतं तर मेमो मुलींना आला असता आणि बेसिन तिथेच टोकाला राहिलं असतं. बरोबर केलं की चूक, अजून ठरवता आलेलं नाही.

ब्रदर पंचवटी

त्या डान्सचा रील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला भो. आता आई भाकरी करायच्या आधी मला हाक मारून विचारते, आधी मूठ का आधी अंगठा.

शाळेतल्या पोरांना सुमनके (SUMANK, स्टेप्सची पहिली अक्षरं) शिकवतात ना, सीधा उल्टा मुठ्ठी अंगूठा नाखून कलाई, ते मराठीत सरळ, उलटा, मूठ, अंगठा, नखं इथपर्यंत फिट्ट बसतं आणि मनगटाला येऊन अडतं. आमच्याकडे पोरंही नेमकं मनगटच विसरतात, काय योगायोग आहे.

जुनी मेट्रन

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या वेळी वॉर्डच्या मधोमध स्टँडवर एक चिलमची, म्हणजे हात धुवायचं पसरट भांडं, त्यात सॅव्हलॉनचं पाणी, सगळ्यांनी त्यातच हात बुचकळायचे आणि शेजारी टांगलेल्या एकाच नॅपकिनला पुसायचे. दुपारपर्यंत त्या पाण्याकडे बघवायचं नाही. तेव्हा ते स्वच्छतेचं लक्षण होतं! त्यामुळे आजच्या पोस्टरांना हसू नका मुलींनो, एवढंच म्हणते.

माझा वाद बांगड्यांवरून व्हायचा. नवीन लग्न झालेली मुलगी हातभर हिरवा चुडा घालून ड्युटीवर यायची, बांगड्यांखाली धुणार काय? एकीला काढायला लावल्या तर दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई माझ्या केबिनमध्ये. त्यांना मी भांडून नाही, बाळंतिणीच्या वॉर्डात नेऊन समजावलं. म्हटलं, उद्या तुमची सून इथे झोपेल तेव्हा तिला हात लावणारीच्या बांगड्या कशा असाव्यात तुम्हीच सांगा. बाई काही बोलल्या नाहीत. चुडा निघाला, एकेक बांगडी राहिली, तीही नंतर लॉकरमध्ये जायला लागली.

बाळंतिणींवरून आठवलं, ट्रेनिंगला शिकवायचे ते. १८४७ सालचं व्हिएन्ना, डॉक्टर सेमेलवाइस. तिथे दोन बाळंतपणाचे वॉर्ड होते, एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, एक सुईणींचा. डॉक्टरांच्या वॉर्डात बायका बाळंतज्वराने कितीतरी जास्त मरायच्या, कारण ते मडं चिरून थेट बाळंतिणीकडे यायचे, सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मरण झपाट्याने उतरलं. तरी बऱ्याच मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही, शेवटी १८६५ ला वेड्यांच्या इस्पितळात गेला बिचारा. म्हणजे या गोष्टीत सुईणींचे हात चांगले होते, आणि पोस्टरवर आज चित्र कुणाचं असतं? सिस्टरचं.

एनआयसीयूवाली

मेट्रन मॅडमच्या शेवटच्या वाक्याला माझा नमस्कार 🙏

आमच्याकडचे एक मोठे सर हातच चोळायचे नाहीत. राउंडला थेट बाळाच्या काचेच्या पेटीत हात. आम्ही बोलणार कशा, ते आमच्या इन्चार्जशीसुद्धा मान वर करून बोलत नाहीत. मग आमच्यातल्या सगळ्यात लहान, नुकत्याच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या मुलीने युक्ती काढली. राउंड सुरू झाला की ती बाटली घेऊन सरांच्या पुढे उभी राहायची, काहीच म्हणायची नाही, नुसती बाटली तिरकी करायची, देवळात पुजारी तीर्थ देतो तशी. समोर आलं की हात आपोआप पुढे होतो. सरांनीही केला. आठवडाभराने ती सुट्टीवर होती तर सर दारातच थांबून म्हणाले, बाटली कुठेय?

स्वतःबद्दल पण लिहिते. आपले हात स्वच्छच आहेत असं मला मनापासून वाटायचं. एका मोहिमेत लॅबवाल्यांनी काचेच्या प्लेटवर आमच्या बोटांचे ठसे घेतले, एक ड्युटीच्या मधे आणि एक रब केल्यावर. दोन दिवसांनी पहिल्या प्लेटवर माझ्या पाची बोटांची ठिपक्यांची रांगोळी उगवलेली, दुसरीवर जेमतेम दोनतीन ठिपके. ९०० ग्रॅमच्या बाळाला मी त्याच बोटांनी धरत होते. मला पोस्टरने काही फरक पडला नव्हता, त्या प्लेटने पडला.

निफाडकरीण

डिसेंबर जानेवारीत निफाडहून पहाटेची बस धरून येते, थंडी काय असते ते तुम्हाला माहितीच आहे. हातांना आधीच भेगा आणि त्यावर तो रब म्हणजे डोळ्यात पाणी. मी रब टाळून साबणच लावायची, मला वाटायचं साबण मऊ. क्लिपबोर्डवाल्या ताई, हे बरोबर आहे का?

क्लिपबोर्डवाली

उलटं आहे गं. साबणाने कातडीचं तेल निघून जातं, रबमध्ये ग्लिसरीन असतं. भेगा साबणाने पडतात आणि झोंबतो रब, म्हणून बदनाम तो होतो. हात दिसायला मळलेले नसतील तर रबच कर, साबण लावून लगेच वर रब तर अजिबात नको, आणि हात पूर्ण सुकल्याशिवाय ग्लोव्ह चढवू नको. रक्त वगैरे लागलं किंवा जुलाबाचा पेशंट असला तर मात्र साबणपाणीच, जुलाबाच्या काही जंतूंना रब पुरत नाही. आणि हँडक्रीमची मागणी लेखी दे. मिळणार नाही बहुतेक, पण दे.

त्र्यंबकरोड

लिहू की नको असं झालंय पण लिहिते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक आजोबा ॲडमिट होते, ऐंशीच्या पुढचे, फार शांत. मी बीपी घेतलं आणि सवयीने लगेच तिथेच हात चोळले. त्यांनी हात चादरीखाली ओढून घेतला आणि हळूच विचारलं, "विटाळ झाला का बाई?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. त्यांचे वडील १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात होते असं त्यांनी नंतर सांगितलं. म्हणजे त्या घरात, हात लावल्यावर हात धुणं याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या एकच होता. आणि मी नियम पाळला म्हणून मनात स्वतःलाच शाबासकी देत होते.

मी स्टूल ओढून बसले, सांगितलं की बाबा, हे तुमचं नाही, माझं आहे, आधीच्या पेशंटचं तुम्हाला नको आणि तुमचं पुढच्याला नको म्हणून. मानेने हो म्हणाले, पटलं का माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी आधीचं चोळणं त्यांच्यासमोर, त्यांना दिसेल असं करायला लागले, आणि नंतरचं दोन पावलं बाजूला जाऊन. नियमाच्या दृष्टीने तेवढंच. डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी स्वतःहून हात पुढे केला, म्हणाले दे मलाही थोडं ते.

ट्रेनिंगमध्ये हे कुठल्याच स्लाइडवर नसतं.

मावशीचा मुलगा

आईच्या वतीने टाइप करतोय, ती २२ वर्षं वॉर्डात मावशी आहे. ती म्हणते लिही, भांडं मी उचलते, उलटी मी पुसते, चादर मी काढते, आणि बॅज सगळे सिस्टरांना. ट्रेनिंग इंग्रजीत झालं, तिला मागे उभं केलं फोटोत गर्दी दिसावी म्हणून. उन्हाळ्यात टाकी रिकामी झाली की ड्रममधून मगाने सगळ्यांच्या हातावर पाणी पण तीच ओतते. तिच्या हातावर कोण ओतणार?

पेठची एएनएम

मावशींना सांगा, आमच्या उपकेंद्रात मी ओतेन. नळ नाहीये, तोटीची बादली आहे, पण साबण कधी संपू दिलेला नाही.

धागाकर्ती

सगळं वाचलं, दोनदा. यातलं काही इन्चार्जना दाखवलं, नावं काढून. त्यांनी वरती कळवलं की आम्हाला नवीन पोस्टर नको, प्रत्येक बेडला बाटलीचा होल्डर द्या, आणि पुढचं ट्रेनिंग मराठीत, मावशी-मामांना पुढे बसवून.

अपडेट: होल्डर आले. ३० बेडला १२. बाकीचे पुढच्या बजेटात म्हणे. सध्या कुठल्या १२ बेडना लावायचे यावर भांडण चालू आहे, आणि ट्रेनिंगची नोटीस परत इंग्रजीतच लागलीये.