मदत हवी आहे: एमबीएसाठी जमनालाल, आयआयएम नागपूर की एसआयबीएम पुणे?

नमस्कार मंडळी. कॅट परीक्षेवर आयआयएम नागपूर, सिम्बायोसिसच्या स्नॅप परीक्षेवर एसआयबीएम पुणे आणि आता कॅप राउंडमध्ये (राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) मुंबईचं जमनालाल बजाज, तिन्हीकडे नंबर लागलाय. आनंद दोन दिवस टिकला, आता झोप उडालीये.

आधीच्या दोन्हींपैकी एका ठिकाणी सीट हातची जाऊ नये म्हणून पहिला हप्ता भरून बसलोय. कॅप नेहमीसारखी उशिरा. ते पैसे बुडतील ते बुडतील, पण खरा प्रश्न पुढचा आहे. जमनालालची फी बाकी दोघांच्या मानाने खूपच कमी. बाबांनी किराणा यादीच्या वहीत कर्जाचा हप्ता मांडून वही माझ्यापुढे सरकवली, बोलले काहीच नाहीत. पण चर्चगेटजवळ राहायचं म्हणजे खोलीचं भाडं आलंच.

हिंजवडीत दोन वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय, आता फायनान्समध्ये जायचंय. जमनालाल १९६५ पासूनचं, माजी विद्यार्थ्यांचं जाळं जबरदस्त. नागपूर २०१५ चं, पण नावापुढे आयआयएम लागतं. मामा तेवढ्यावरच अडून बसलाय. एसआयबीएमची लवळ्याची टेकडी मला आवडली, पण नुसत्या टेकडीसाठी कर्ज काढायचं?

फायनान्सला गेलेल्या कुणी सांगाल का, समर इंटर्नशिपला माझ्यासारख्या, फायनान्समध्ये नवख्या आयटीवाल्यांना कुठे उभं करतात? शुक्रवारपर्यंत कॉलेजात रिपोर्टिंग करायचंय.