कारवानी पिल्लाच्या गळ्याला गाठ, इंजेक्शनं संपली की परत येते. कुठं दाखवू?

शिवारातला (अंबाजोगाई)
राम राम मंडळी. आमची भिंगरी, कारवानी जातीची कुत्री, ११ महिन्यांची, वजन १८ किलो. दिवाळीनंतर जबड्याखाली डाव्या अंगाला लिंबाएवढी गाठ आली. हात लावला की कळवळते, जागा गरम लागते. ताप १०४. गावात ५ दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली, गाठ बसली. आठ दिवसांत परत आली, आता पेरूएवढी आहे. भाकरी चावत नाही, दुधात कुस्करून दिली तर कशीबशी चाटते. रात्री माझ्या बाजेखाली मान लांब करून पडती. आई म्हणती कॅन्सर असेल. सोयाबीनचे पैसे अजून हातात नाहीत. २,००० च्या आत काय होईल?

गोदाकाठ
परभणीचं व्हेटर्नरी कॉलेज. परळी-गंगाखेडवरून सरळ रस्ता आहे. आमच्या लॅब्राडॉरचं पोटाचं ऑपरेशन तिथंच झालं, आज तो ९ वर्षांचा आहे.

उदगीरकर_७७
परभणीच कामून? उदगीरलाही कॉलेज आहे, दोन्ही एकाच नागपूरच्या विद्यापीठाची. सकाळी लवकर नंबर लावा.

कारवानप्रेमी_औसा
११ महिन्याला १८ किलो कमी वाटतंय. माझा नर त्या वयात २४ होता, माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शनात लोक थांबून बघायचे. आईबाप कुणाकडचे आहेत?

गोदाकाठ
मादी आहे हो ती. आणि गळ्याचं विचारलंय.

नळदुर्गची_ताई
हळद-तेलाचं पोटीस बांधा. पिकली की नवीन ब्लेडनं बारीक चीर द्या. आमच्या वासराची अशीच फोडली होती, पैसा लागला नाही.

जुना_पर्यवेक्षक
ताई, वासराच्या पाठीवरचा फोड वेगळा, कुत्र्याचा गळा वेगळा. तिथं मानेची मोठी शीर अन् रक्तवाहिन्या कातडीच्या जवळून जातात. घरी ब्लेड अजिबात लावू नका.

बीड_बायपास
मीपण ११०० रुपयांचं इंजेक्शन घेतलं होतं माझ्या पामेरियनला. दोन महिन्यांचं पिल्लू, तोंड सुजलेलं, दोन्ही बाजूंच्या गाठी. अँटिबायोटिकनं काहीच फरक नाही, शेवटी स्टेरॉइडनं बरं झालं. तुम्हीपण स्टेरॉइड द्या.

जुना_पर्यवेक्षक
तो आजार लहान पिल्लांचा, साधारण चार महिन्यांच्या आतला. तिथं जंतू नसतात म्हणून स्टेरॉइड चालतं. इथं आत पू असला अन् स्टेरॉइड दिलं तर पसरेल. आधी सुईनं आतलं थोडं ओढून काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावा. पू निघाला तर एक गोष्ट, मधासारखी चिकट तार निघाली तर लाळ साठून झालेली पिशवी, अन् कॅन्सरच्या पेशी असतील तर बहुतेक वेळा तिथंच दिसतात. काम पाच मिनिटांचं आहे, बहुतेकांना भूलसुद्धा लागत नाही.

उदगीरकर_७७
लाळेची पिशवी आमच्या कुत्रीला होती. पण ती मऊ असते, दुखत नाही, तापही नसतो. यांची दुखतीय.

धाराशिवचा_दादा
गोचीड ताप असेल. रक्त तपासा. गोचिडीनं माझं जनावर गेलं म्हणून सांगतो.

गोदाकाठ
त्यात बहुतेक दोन्ही अंगाच्या गाठी वाढतात दादा. हिची एकाच बाजूला आहे. तरी रक्त तपासून घ्या.

माजलगाव_वाडी
दुखायलंय म्हणून माणसाची अंगदुखीची गोळी देऊ नका. मी दिली होती माझ्या राजाला. तिसऱ्या दिवशी संडास काळी, उलटीत रक्त. पाचव्या दिवशी गेला. मेडिकलवाल्यानं काही सांगितलं नाही अन् मीही विचारलं नाही.

जुना_पर्यवेक्षक
शिवारातले, एक सांगा. गोळी-इंजेक्शन संपलं की गाठ परत येते, याचा अर्थ बऱ्याचदा आत काहीतरी रुतलेलं असतं. कुसळ, काटा, काडी. भिंगरी लाकूड चघळते का?

शिवारातला (अंबाजोगाई)
तुराट्या! गोठ्यामागं मागच्या वर्षीच्या तुराट्यांची पेंढी आहे, रोज एक ओढून पळती. तुम्ही विचारलं अन् आठवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोंडात तुराटी आडवी धरून पळताना बांधावर आपटली, जोरात केकाटली. लाळेत थोडं रक्त होतं. संध्याकाळी नीट जेवली म्हणून आम्ही सोडून दिलं.

जुना_पर्यवेक्षक
मग सोनोग्राफीची सोय आहे तिथंच न्या. उदगीर किंवा परभणी, फोन करून जा. जाताना ही गोष्ट पहिली सांगा.

कारवानप्रेमी_औसा
कारवानी आणि मुधोळ एकच का, हे कुणी सांगेल का? २००५ च्या टपाल तिकिटावर मुधोळ लिहिलंय म्हणून विचारतोय.

गोदाकाठ
परभणी. परत सांगतो.

शिवारातला (अंबाजोगाई)
मंडळी, नाही गेलो परभणीला आणि उदगीरलाही. भावाचा टेम्पो सोयाबीन घेऊन लातूरच्या आडतीला निघाला होता, तिला तशीच पुढं बसवली. रात्री दूधही चाटलं नव्हतं, थांबायची हिंमत झाली नाही. लातुरात खाजगी डॉक्टरांनी सुई घातली, घट्ट पिवळा पू आला. काचेवर जंतू अन् सुजेच्या पेशी, कॅन्सरचं काही नाही. सोनोग्राफीत पुवाच्या मधोमध एक उजळ रेघ दिसली. भूल देऊन गळा उघडला. आतून करंगळीच्या नखाएवढी तुराटीची चिरफळी निघाली, काळी पडलेली, एका टोकाला अजून साल होती. रबरी नळी ठेवली, तीन दिवस सलाईननं धुतलं. पू कल्चरला (जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघायला) दिला होता, रिपोर्ट आल्यावर गोळी बदलली. सगळे मिळून ७,४०० गेले. निम्मे आडत्याकडून उचल घेतले.

उदगीरकर_७७
उदगीरला एवढे लागले नसते. पण जीव वाचला, बरं झालं.

माजलगाव_वाडी
चिरफळीचा फोटो टाका. टाके कधी काढणार?

शिवारातला (अंबाजोगाई)
१२ व्या दिवशी बोलावलंय. फोटो काढायचा राहिला, चिरफळी डॉक्टरांकडंच आहे. काल पहिल्यांदा कोरडी भाकरी चावली, उजव्या बाजूनं. तुराट्या सगळ्या माळवदावर टाकल्यात. खाली उभी राहून वर बघत बसती.